गळ

टेबलावर आडवं करण्याआधी विचारतात,
अंगात कुठे लोखंड आहे का? छर्रा, खिळा, पट्टी?
पतिराम हसला. म्हणाला, गळ हाये जी.
उजव्या अंगठ्याच्या मुळाशी. बहिणीनं टाकलेला.

भूमेश पटले, मशीनवाला पोरगा,
घडीची चादर हातात धरून तसाच उभा राहिला.
चुंबक आहे काका. हात फाडून बाहेर येईल तो.
आधी एक्स-रे.

असा आमचा नंबर मागे गेला.
साकोलीच्या पुढे, सडकेला लागून दवाखाना.
मागच्या खिडकीतून धानाच्या बांध्या दिसतात,
एक म्हैस, आणि नवं मशीन आलं त्या खोक्याचं लाकूड,
आता कुणाच्या तरी कोंबड्यांचं घर.

मी सात वर्षांची, तो पाच.
तलावाच्या पाळीवर मी गळ भिरकावला,
मागे न बघता.
बापानं विळ्याच्या टोकानं काढला. अर्धाच निघाला, म्हणे.
तेव्हापासून दर पोळ्याला अंगठा दाखवून
माझ्या वाटणीची एक करंजी तो उचलत आला.

किडनी दिली तेव्हा गाव म्हणालं, केवढं मन!
मी कुणाला सांगितलं नाही,
की हा हिशेब होता.

चार वर्षं बरी चालली.
यंदा क्रिएटिनिन एक पॉइंट चारवरून दोनच्या वर गेलं.
डॉक्टर नान्हेबाई म्हणाल्या, रंगाचं इंजेक्शन नको.
ही आधीच थकलेली, तिला आणखी रंग कशाला गाळायला लावायचा?
रक्तालाच वाटेत चुंबकानं खूण करू,
मग बघू, खूण झालेलं रक्त कुठवर पोचतं.
किती टिकते खूण?
दीड-दोन सेकंद, बाई म्हणाल्या. तेवढ्यात बघून घ्यायचं.

मला पटलं.
पाळ कुठे झिरपते ते शोधायला
बाप कधी पाण्यात काही टाकत नसे.
धोतर खोचून उतरायचा, तळव्यानं चाचपत जायचा.
गार धार पाय ओढू लागली
की तिथेच उभा राहून हाक मारायचा.

एक्स-रे आला. भूमेशनं उजेडासमोर धरला.
हाडं. आणखी हाडं.
गळ नव्हता.
अर्धाही नव्हता. नुसता चामडीचा वळ.
बेचाळीस वर्षांच्या करंज्या!
पतिराम माझ्याकडे बघेना.
मला हसू आलं, ते घशातच राहिलं.
हिशेबाची पहिलीच ओळ खोटी,
तर मग खालची बेरीज कशाची होती?

दार लागलं. आतून ठोकल्यासारखा आवाज,
मग भूमेशचा: श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा.
बाहेर बाकावर मीही धरला.
पुढचा हुकूम काचेपलीकडेच राहिला असणार,
कारण शेजारची म्हातारी माझा दंड हलवून म्हणाली,
वं बाई, तुहा नंबर हाये का?

नव्हता.
ती आत होती, माझी,
मला न विचारता फोटो काढून घेत.

संध्याकाळी बाईंनी पडद्यावर दाखवलं.
वर उजेड, खालच्या टोकाला काळोखी.
शेवटच्या बांधीत पाणी उशिरा पोचते, मी म्हटलं.
बाई क्षणभर थांबल्या. हेच लिहायला पाहिजे, म्हणाल्या,
आणि इंग्रजीत काहीतरी लांबलचक लिहिलं.
औषध बदललं. तीन महिन्यांनी पुन्हा.
सुई घालून तुकडा काढायचं अजून ठरलं नाही.

एसटीत खिडकीशी तो.
दिसली का तुले?
कोण?
तुजीच.
दिसली.
कशी हाये?
रोडावली, म्हटलं. खरं तर
सोललेल्या शिंगाड्यासारखं काहीतरी राखाडी दिसलं होतं,
आणि ते मी ओळखलं नव्हतं.

गाडी खड्ड्यात आदळली. त्यानं अंगठा पुढे केला.
दुखते अजून.
मी बाटलीचं झाकण उघडून त्याच्या हातात दिली.
आधी पी, म्हटलं.